सायकोपाय: संवेदन आणि स्मृतीचे प्रयोग स्वतः बांधायला कितपत उपयोगी?

बोधनिक मानसशास्त्राच्या पुस्तकात स्ट्रूप, स्पर्लिंग, स्टर्नबर्ग ही नावं पानापानाला भेटतात. आलेख पाठ होतो, आकडे पाठ होतात, पण ५० मिलिसेकंद दाखवलेली अक्षरं नेमकी कशी दिसतात याचा अंदाज वाचून येत नाही. सायकोपाय ही उणीव भरून काढतं. मानसशास्त्रीय प्रयोग बांधून चालवायचं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन पीअर्स यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली. ते पायथॉनवर उभं आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी अडत नाही. त्यातल्या ‘बिल्डर’मध्ये चित्रं, शब्द, आवाज असे घटक काळपट्टीवर मांडायचे, कोड आतून आपोआप तयार होतो.

निकाल आधीच सांगायचा तर, स्मृतीच्या प्रयोगांसाठी पहिल्या दिवसापासून उत्तम. संवेदनाच्या प्रयोगांसाठीही उत्तम, पण ‘फ्रेम’ म्हणजे काय ते समजल्यावर. त्याआधी केलेले प्रयोग दिसायला व्यवस्थित असतात, आणि चूक कुठेही लाल अक्षरांत येत नाही. म्हणूनच ती धोक्याची.

सुरुवात स्ट्रूपपासून करावी, कारण तयार नमुनाही डेमोच्या मेन्यूत मिळतो. डेमो आधी ‘अनपॅक’ करून स्वतःच्या फोल्डरमध्ये घ्यावे लागतात, नाहीतर मेन्यू रिकामाच दिसतो. तरी नुसता डेमो चालवून थांबू नये, शून्यातून एकदा बांधावा. स्ट्रूपच्या १९३५ च्या मूळ प्रयोगात १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. वेगळ्याच रंगात छापलेल्या रंगनामांचे रंग सांगायला ११०.३ सेकंद. तिथे अख्ख्या तक्त्याला एकच वेळ होती. संगणकावर प्रत्येक शब्दाचा प्रतिक्रिया काल वेगळा मिळतो, आणि खरी मजा तिथे आहे.

एका चाचणीचं रूटीन असं: ० सेकंदाला मधोमध अधिकचं चिन्ह, ०.५ ला ते जातं, त्याच क्षणी शब्द येतो, आणि कीबोर्डचा घटकही ०.५ लाच सुरू होतो. हे शेवटचं विसरणारे खूप. सायकोपाय प्रतिक्रिया काल मोजतं ते शब्द दिसल्यापासून नव्हे, तर कीबोर्ड घटक सुरू झाल्यापासून. कीबोर्ड ० ला ठेवला आणि शब्द ०.५ ला, तर प्रत्येक आकड्यात फुकटचा अर्धा सेकंद मिसळतो. सगळ्यांतच सारखा मिसळत असल्यामुळे जुळणाऱ्या (अर्थ आणि रंग एकच असलेल्या) आणि न जुळणाऱ्या शब्दांतला फरक मात्र बरोबर येतो, आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते. दुसरी अडचण अशी की, घाई करून अधिकच्या चिन्हावरच कळ दाबणाऱ्या प्रयुक्ताचा (प्रयोगात भाग घेणाऱ्याचा) तो दाब शब्दाचं उत्तर म्हणून मोजला जातो. जुने दाब टाकून द्यायची खूण कीबोर्डच्या डेटाच्या टॅबमध्ये असते, ती केलेली आहे ना बघून घ्यावं.

अटी एक्सेलच्या फाइलमध्ये लिहायच्या: एक रकाना शब्दाचा, एक रंगाचा, एक बरोबर कळीचा. चार शब्द गुणिले चार रंग म्हणजे १६ ओळी. पण त्यातल्या जुळणाऱ्या ४ आणि न जुळणाऱ्या १२. तशीच फाइल चालवली तर तीन-चतुर्थांश चाचण्या अडथळ्याच्या होतात, प्रयुक्त शब्दाकडे दुर्लक्ष करायला सरावतो आणि परिणाम घटतो. जुळणाऱ्या ओळी प्रत्येकी तीनदा लिहाव्यात. १२ आणि १२, एकूण २४ ओळी, चार फेऱ्या, ९६ चाचण्या. त्याआधी २० सरावाच्या, कारण कुठली कळ कुठल्या रंगाची हे हातात बसेपर्यंतचे आकडे स्ट्रूपचे नसतात, कळी शोधण्याचे असतात. तोंडी उत्तरांपेक्षा कळी दाबून येणारा परिणाम तसाही लहान असतो. पुस्तकातला फरक दिसला नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नये.

नवख्याच्या बहुतेक चुका इथल्याच असतात. टेक्स्टच्या चौकटीत रकान्याच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह दिलं नाही, की पडद्यावर लाल-निळा दिसायच्या ऐवजी रकान्याचं नावच छापलं जातं, चाचणीमागून चाचणी. चिन्ह दिलं पण शेजारचा पर्याय ‘कॉन्स्टंट’वरच राहिला, तर नाव सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम थांबतो, तिथे ‘सेट एव्हरी रिपीट’ हवं. रकान्याच्या नावात मोकळी जागा चालत नाही. आणि लूपच्या, म्हणजे चाचण्या पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या घटकाच्या, खिडकीत फेऱ्यांच्या जागी ५ आधीच भरलेले असतात. पंधरा शब्दांची यादी एकदा दाखवायची असताना ती पाच वेळा फिरते आणि स्मृतीचा प्रयोग घोकंपट्टीचा होऊन बसतो.

आता फ्रेम. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो, म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. पडद्यावरची कुठलीही गोष्ट फ्रेमच्या पूर्ण पटीतच दिसते. मधली वेळ अस्तित्वातच नसते. ५० मिलिसेकंद म्हणजे बरोबर ३ फ्रेम, ठीक. पण ४० मागितले तर २ फ्रेम म्हणजे ३३ मिळतील किंवा ३ म्हणजे ५०. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम ६.९४ मिलिसेकंदांची, तिथे ५० नेमके बसत नाहीत. ७ फ्रेम घेतल्या तर ४८.६. म्हणून थोड्या वेळाच्या उद्दीपकाची (दाखवायच्या गोष्टीची) मुदत सेकंदांत न देता ‘ड्युरेशन, फ्रेम्स’ निवडून आकडा फ्रेममध्ये द्यावा. उदाहरणार्थ, चित्रातला बदल डोळ्यांसमोर असून दिसत नाही, हे दाखवणारा रेन्सिंक, ओ’रीगन आणि क्लार्क यांचा १९९७ चा लुकलुकत्या चित्रांचा प्रयोग घ्या. चित्र २४० मिलिसेकंद, मध्ये कोरा पडदा ८० मिलिसेकंद. साठ हर्ट्झवर हे १४.४ आणि ४.८ फ्रेम होतात. १४ आणि ५ घ्यायच्या, म्हणजे २३३ आणि ८३, आणि अहवालात तेच आकडे लिहायचे. पुस्तकातले नव्हे.

फ्रेम गळतातही. मागे ब्राउझर, व्हिडिओ, अँटिव्हायरस चालू असेल तर चित्र वेळेत रंगवलं जात नाही आणि ३ च्या जागी ४ फ्रेम होतात. प्रयोग अडत नाही. लॉग फाइलमध्ये शेवटची फ्रेम किती मिलिसेकंदांची झाली याची इशारेवजा ओळ तेवढी येते. लॉग उघडून बघायची सवय फार थोड्यांना असते. मोठी चित्रं ऐन चाचणीत लोड होऊ देणं हे फ्रेम गळण्याचं नेहमीचं कारण. चित्र पडद्यावर जेवढं दिसणार तेवढ्याच पिक्सेलचं करून ठेवावं, कॅमेऱ्यातून आलेलं जसंच्या तसं देऊ नये.

स्पर्लिंगचा १९६० चा प्रयोग हा या सगळ्याचा कस लावणारा. तीन ओळींत चार-चार, अशी १२ अक्षरं ५० मिलिसेकंद चमकतात. सगळी सांगा म्हटलं तर चार-साडेचार सांगता येतात. पण अक्षरं गेल्यावर उंच, मध्यम किंवा खालचा स्वर वाजवून एकच ओळ विचारली, तर तिच्यातली तीनच्या आसपास येतात. ओळ कुठली विचारणार हे आधी माहीत नसतं, म्हणजे त्या क्षणी नऊएक अक्षरं हाताशी असली पाहिजेत. सेकंदभर उशिरा स्वर वाजवला की हा फायदा उडून जातो. वेदनिक स्मृतीचं, म्हणजे इंद्रियांवर क्षणभर टिकणाऱ्या ठशाचं, हे प्रमाण आजही अंगावर येतं.

बिल्डरमध्ये हे बांधणं अर्ध्या तासाचं काम, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, आवाज. संगणकावर आवाजाचा हुकूम आणि स्पीकरमधून येणारा आवाज यांत अंतर पडतं आणि ते जोडणीप्रमाणे बदलतं; ब्लूटूथचे हेडफोन तर या कामाला घेऊच नयेत. शून्य विलंबाची अट प्रत्यक्षात शंभर मिलिसेकंदांची झाली तर आलेखाचा पहिला बिंदूच खोटा. प्रेफरन्सेसमध्ये आवाजासाठी ‘पीटीबी’ निवडलेलं असावं. आवाजाची कटकटच नको असेल तर अक्षरं गेल्यावर ओळीशेजारी एक काळी पट्टी दाखवून विचारावं. डोळ्यांना दिसणारी अशी खूण अ‍ॅव्हरबाख आणि कोरिएल यांनी १९६१ मध्ये वापरली होती, आणि तिची वेळ फ्रेममध्ये मोजता येते. दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. अक्षरं गेल्यावर लख्ख पांढरा पडदा आला तर ठसा लवकर पुसतो, काळोखा असेल तर रेंगाळतो. करडा रंग मूळचा आहे म्हणून तसाच ठेवायचा की काळा करायचा, हा सजावटीचा प्रश्न नाही, निकालाचा आहे.

अक्षराचा आकारही नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. मॉनिटर सेंटरमध्ये पडद्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये, पिक्सेल आणि बसायचं अंतर भरलं की आकार दृश्यकोनाच्या, म्हणजे डोळ्याशी होणाऱ्या कोनाच्या, अंशांत देता येतो. ५७ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटर म्हणजे साधारण १ अंश, हे लक्षात ठेवलं तर पट्टीनेही ताडता येतं. रुंदी मोजताना पडद्याची चौकट धरायची नाही, उजळणारा भागच मोजायचा.

देवनागरीबाबत मात्र सॉफ्टवेअर कच्चं आहे. टेक्स्टचा घटक एका संगणकावर शब्द नीट दाखवतो आणि दुसऱ्यावर जोडाक्षरं फोडून टाकतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागून येते, रफार वाट्टेल तिथे बसतो. टंक बदलून कधी सुटतं, कधी नाही. खात्रीचा उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक शब्दाचं पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र करायचं आणि इमेजचा घटक वापरायचा. स्ट्रूपला १६ चित्रं लागतील. सगळ्यांचा कॅनव्हास एकाच मापाचा, समजा ८०० बाय ३०० पिक्सेल, आणि शिरोरेषा सगळ्यांत एकाच उंचीवर. चित्रं शब्दाच्या कडांना चिकटून कापली तर उकार आणि मात्रांमुळे प्रत्येकाची उंची वेगळी होते, शब्द पडद्यावर वर-खाली उडतो, डोळा त्याच्यामागे धावतो आणि ती धाव प्रतिक्रिया कालात जमा होते.

स्मृतीचे प्रयोग त्यामानाने सोपे, कारण तिथे काळ सेकंदांचा असतो. ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांचा १९६६ चा प्रयोग उत्तम सराव आहे. १५ शब्दांची यादी, मग लगेच प्रत्यावाहन (आठवून सांगणं), किंवा १० अथवा ३० सेकंद आकडे मोजायला लावून मग. लगेच विचारलं तर यादीची सुरुवात आणि शेवट दोन्ही चांगले आठवतात. ३० सेकंदांनंतर सुरुवात तशीच राहते, शेवटाचा फायदा साफ नाहीसा होतो. अल्पकालीन आणि दीर्घकालीन साठा वेगळा मानण्यामागचा हा एक मोठा आधार. सायकोपायमध्ये त्यासाठी लूपमध्ये लूप लागतो. आतला लूप शब्द फिरवतो, बाहेरचा याद्या, आणि बाहेरच्या अटींच्या फाइलमध्ये एक रकाना असतो ज्यात आतल्या लूपने कुठली फाइल उघडायची तिचं नाव लिहिलेलं असतं. ही युक्ती समजली की निम्म्याहून अधिक स्मृतिप्रयोग आवाक्यात येतात. आतला लूप ‘रँडम’ ठेवावा, म्हणजे सोपा शब्द प्रत्येक प्रयुक्ताला शेवटच्याच जागी येणार नाही.

उत्तरं मात्र कागदावर घ्यावीत. पडद्यावर टाइप करून घ्यायची सोय आहे, पण मराठी टंकलेखनाची गत वर सांगितली तशीच, शिवाय टाइप करता करता आठवलेला शब्द निसटतो. सोडलेल्या ३० सेकंदांत प्रयुक्त खरंच मोजतोय का, याकडेही सॉफ्टवेअरचं लक्ष नसतं. पडद्यावर तीन अंकी आकडा द्यावा, तिथून तीन-तीन वजा करत मोठ्याने उलटं मोजायला लावावं आणि जवळ बसून ऐकावं. मनातल्या मनात मोजा म्हटलं की माणसं यादीचा शेवट घोकतात, आणि मग नाहीसा व्हायचा फायदा नाहीसा होतच नाही.

स्टर्नबर्गच्या १९६६ च्या प्रयोगात यंत्राच्या चुकीबद्दल एक सुरेख धडा दडलेला आहे. एक ते सहा अंकांची यादी घेऊन प्रत्येक अंक १.२ सेकंद दाखवायचा, म्हणजे साठ हर्ट्झवर ७२ फ्रेम. मग एक अंक दाखवून विचारायचं, यादीत होता की नव्हता? यादीत एक अंक वाढला की उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागतात. आता साधा यूएसबी कीबोर्ड प्रत्येक दाब काही मिलिसेकंद उशिरा कळवतो, कधी वीस-तीसही. तरी आलेखातल्या रेषेचा हा ३८ चा उतार बिघडत नाही, कारण ठरावीक उशीर सगळ्या लांबीच्या याद्यांना सारखाच चिकटतो आणि रेषा अख्खी वर सरकते. बिघडतो तो रेषेचा आरंभबिंदू. त्यामुळे दोन वेगळ्या संगणकांवर घेतलेल्या उतारांची तुलना करावी, नुसत्या सरासरी प्रतिक्रिया कालांची करू नये. उशीर दर दाबाला बदलत असेल तर मात्र चाचण्या वाढवण्याला पर्याय नाही. सहा लांबी, होकार-नकार दोन, प्रत्येकी आठ, अशा ९६ ही खालची मर्यादा समजावी.

खोट्या आठवणींचा प्रयोग बांधायला सर्वांत सोपा आणि भाषांतर करायला सर्वांत अवघड. रॉडिगर आणि मॅक्‌डरमॉट यांच्या १९९५ च्या पहिल्या प्रयोगात एकाच शब्दाभोवतीच्या शब्दांची यादी दिल्यावर यादीत नसलेला तो मध्यवर्ती शब्द सुमारे ४० टक्के वेळा ‘आठवला’. इंग्रजी यादीतल्या झोपेच्या तीन-चार छटांना मराठीत ‘डुलकी’ एवढंच उरतं, यादी आखूड होते आणि परिणाम मरतो. गादी, उशी, पांघरूण, जांभई, स्वप्न, अंगाई, पेंग, घोरणं अशी स्वतःची यादी करावी आणि ती आधी तपासावी: यादीतला एकेक शब्द तीसेक जणांना देऊन पहिला सुचलेला शब्द विचारायचा. ‘झोप’ जास्तीत जास्त जणांना सुचवणारे शब्द ठेवायचे. उलटं विचारू नये. ‘झोप’ म्हटल्यावर काय सुचतं ते इथे कामाचं नाही, सापळा यादीकडून मध्यवर्ती शब्दाकडे लागतो. आणि हे तीस जण पुन्हा प्रयुक्त म्हणून घेऊ नयेत, हे ओघाने आलंच.

यंत्राच्या अचूकतेबद्दल २०२० मध्ये पीअरजे या नियतकालिकात अनेक पॅकेजांची मोठी तुलना छापून आली. त्यात सायकोपायची कामगिरी प्रयोगशाळेतल्या संगणकावर मिलिसेकंदाच्या आसपासच्या अचूकतेची निघाली; ब्राउझरमधून चालवल्यावर ती घसरते. लेखकांत खुद्द पीअर्स होते हे लक्षात ठेवून वाचावं, पण मोजमाप बाहेरच्या उपकरणाने केलेलं आहे. ब्राउझरसाठी प्रयोग जावास्क्रिप्टमध्ये बदलून पॅव्हलोव्हियावर ठेवता येतो. ती सेवा मोफत नाही, आणि स्वतः लिहिलेला पायथॉनचा तुकडा आपोआप भाषांतरित होताना हमखास कुठेतरी अडतो. प्रयोग मुळातच ब्राउझरसाठी असेल तर जेएससायकपासून सुरुवात केलेली बरी. बिल्डरची मांडणी गोंधळाची वाटत असेल तर ओपनसेसमी बघावं, तेही मोफत आहे.

सॉफ्टवेअरवरचा सगळ्यांत मोठा आक्षेप आवृत्त्यांचा. नवी आवृत्ती आली की जुन्या प्रयोगाचं काहीतरी हलतं. अर्ध्या प्रयुक्तांनंतर अद्ययावत करणं म्हणजे हातपाय तोडून घेणं. एक्सपेरिमेंट सेटिंग्जमध्ये कुठली आवृत्ती वापरायची ते बांधून ठेवता येतं, ते पहिल्या प्रयुक्ताआधीच करावं. डेटा ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये सीएसव्ही, लॉग आणि सायडॅट अशा तीन फाइलींत पडतो. एस्केप दाबून मध्येच बाहेर पडलं तरी तोवरच्या चाचण्या जपल्या जातात. सीएसव्हीत रकाने उदंड आहेत, बहुतेक कामाचे नाहीत. फ्रेमरेटचा रकाना मात्र प्रत्येक प्रयुक्ताचा बघावा. सगळ्यांचा ६० च्या आसपास आणि एकाचाच १४४ दिसला, तर कुणीतरी मध्येच पडदा बदलला आहे, आणि स्पर्लिंगची अक्षरं त्या प्रयुक्ताला ५० नव्हे, २१ मिलिसेकंदच दिसली आहेत.